गुरुवारची पट्टी

जठारपेठेत सकाळी भाजी घेऊन बसणारी सत्यवती गुरुवारी दुकान लावत नाही, हे तिच्या गिऱ्हाइकांना पाठ झालं होतं. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं दोन दिवसांचं ते बुधवारीच घेऊन जात. कोणी नवीन माणसानं विचारलं तर शेजारची वांगेवाली सांगायची, "थे गुरुवारी लोकायचे पाय धुते." नवीन माणसाला वाटायचं, काही व्रत असेल.

व्रतच म्हणा हवं तर. मिशनच्या जुन्या आवारात, चर्चच्या मागे, पत्र्याची एक खोली आहे. ज्यांच्या जखमा काही केल्या भरत नाहीत अशी माणसं दर गुरुवारी तिथे येतात. साखरेच्या बिमारीनं बोटं काळी पडलेली, काटा मोडून पाय कुजलेली, दवाखान्यातून 'ड्रेसिंग चुकवू नका' एवढं ऐकून घरी आलेली. कोणी दर्यापूरकडून जीपमध्ये कोंबून येतं, कोणी अकोटच्या एसटीनं. त्यांच्या जखमा धुवायच्या, मेलेलं मांस काढायचं, स्वच्छ पट्टी बांधायची आणि सोबत आठवडाभराच्या उकळलेल्या पट्ट्या द्यायच्या. सत्यवती हे एकतीस वर्षं करत होती.

तिला या कामाला लावलं उंबरकर पाळकांनी. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पण साऱ्या गावासाठी ते पाळकसाहेबच होते. सत्यवतीचं घर माळ्याचं, देव्हाऱ्यात खंडोबा. ती एकोणीस वर्षांची असताना तिच्या बापाच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय सुजून भोपळ्याएवढा झाला. कोणीतरी म्हणालं, मिशनमध्ये न्या. पाळकसाहेबांनी बापाला खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली पाटावर बसले आणि घमेल्यात पाय घेऊन धुऊ लागले. पुढच्या गुरुवारी त्यांनी बोळा सत्यवतीच्याच हातात दिला.

"मी?" ती म्हणाली.

"मंग कोन? बाप कोनाचा?"

तिनं पहिली पट्टी उलगडली, आतलं हिरवं-पिवळं पाहिलं आणि पळत जाऊन बाहेरच्या चिंचेमागे भडाभडा ओकली. पाळकसाहेब मागोमाग आले. पाठीवरून हात फिरवणं नाही, 'राहू दे पोरी' नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याचा गिलास पुढे केला आणि म्हणाले, "झालं? ये आता. पानी थंडं होऊन राह्यलं."

ती गेली. बापाचा पाय वाचला, पण तिचे गुरुवार सुटले नाहीत. पाळकसाहेबांनी तिला सगळं शिकवलं. पेशंट खुर्चीवर बसेल, आपण पाटावर. फोटो कोणी काढायचा नाही. किळस आली तर? तिनं विचारलंच होतं एकदा. "येऊ दे ना. मले काय येत नाही? तोंड वाकडं झालं तं होऊ दे, हात थांबला नाही पाह्यजे." तिच्या गल्लीत तेव्हा बायका कुजबुजायच्या, पोट्टी बाटते आता. सत्यवतीनं एकदा तोंडावरच विचारलं, "पाळकसाहेब, तुमी मले चर्चात ये म्हणून कावून म्हणत नाही?" ते हसले. "रविवार माया हाय. गुरुवार साऱ्यायचा."

आणि गुरुवार म्हणजे गुरुवार. त्यांची बायको वारली ती गुरुवारी पहाटे. माती संध्याकाळी होती. दहा वाजता हा माणूस बाह्या सरसावून खोलीत हजर! सत्यवतीलासुद्धा राग आला होता त्या दिवशी, काळजाच्या जागी धोंडा आहे का म्हणून. पाळकसाहेबांचे डोळे सुजलेले होते. म्हणाले, "ते गेली. हे लोक बसले हायेत." आणि पहिल्या माणसाची पट्टी सोडायला घेतली.

असा माणूस. त्याला जाऊन यंदा दहा वर्षं होत होती. नऊ वर्षं पेशंट सोडले तर त्या खोलीकडे कुत्रं फिरकलं नाही आणि दहाव्या वर्षी सगळ्यांना पाळकसाहेबांच्या प्रेमाचं भरतं आलं. त्यांच्या पुतण्याचा मुलगा पियुष नागपूरहून आला आणि त्यानं 'उंबरकर सेवा प्रतिष्ठान' काढलं. पियुष वाईट मुलगा होता असं नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, सत्यवतीनं हाकलून लावला असता. तो गोड होता. वाकून नमस्कार करायचा, मावशी मावशी करायचा, तिला 'पाळकसाहेबांची मानसकन्या' म्हणायचा. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

मार्चच्या शेवटी तो म्हणाला, "मावशी, स्मृतिदिनाला आपण मोठा सेवा सोहळा करतोय. अमरावतीहून एक मोठे पाहुणे येणार आहेत. ते स्वतःच्या हातानं पेशंटचे पाय धुणार, पट्टी बांधणार. फक्त त्यांना शनिवारचीच वेळ आहे. तेवढ्या आठवड्यापुरतं गुरुवारचं शनिवारी करू."

"गुरुवार सरकत नाही," सत्यवती म्हणाली.

"एकदाच. त्यांनी खोलीला स्लॅब द्यायचा शब्द दिलाय."

अकोल्याचा एप्रिल आणि वर पत्रा. मागच्या वर्षी एक म्हातारा पट्टी बांधून घेता घेता उकाड्यानं भोवळ येऊन खुर्चीवरून खाली आला होता. सत्यवतीला तो म्हातारा आठवला आणि ती वर पत्र्याकडे पाहू लागली. ते पाहून पियुष पुढे सरकला. "आणि मावशी, पेशंटना तुम्हीच फोन करा, तुमचा आवाज ओळखतात ते. त्यांना सांगा, घरी पट्टी सोडू नका, बांधलेली आहे तशीच घेऊन या. पाहुण्यांच्या हातून सोडायची आहे. आधीच साफ केलेली जखम दाखवली तर काम काय दिसणार?"

खरं तर शिसारी तिथेच यायला हवी होती. काम दिसण्यासाठी जखम घाण ठेवायची! पाळकसाहेबांनी हे ऐकलं असतं तर घमेल्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं असतं. पण सत्यवतीला स्लॅब दिसत होता, गार सावली दिसत होती. तिनं मंगळवारी सकाळी भाजीवर पाणी शिंपडता शिंपडता बारा जणांना फोन केले.

त्यात गोदाबाई होती. दर्यापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली, साठीतली विधवा, भाऊ पंजाबराव याच्याकडे राहायची. उजव्या पायाचं एक बोट कापलेलं आणि तळव्याला रुपयाएवढी खोल जखम. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोजची पट्टी आणि गुरुवारची सफाई चुकली नाही तर पाय राहील. अकरा गुरुवार ती चुकली नव्हती. जखमेत आता तांबूस, ओलसर, जिवंत मांस भरत आलं होतं. मागच्या गुरुवारी सत्यवतीनं तिला आरशात दाखवलं, तेव्हा गोदाबाई लहान पोरीसारखी हरखली होती. "अवं माय! अक्षय तृतीयेले मी चपला घालतो मंग!"

फोनवर गोदाबाईनं विचारलं, "सोडू नको म्हणतं? पाच दिवस? भल्ली गरमी हाय वं. आज सकाळीच जरासा वास आल्यासारखा वाटला."

"शनिवारी पाहू ना," सत्यवती म्हणाली. समोर गिऱ्हाईक उभं होतं. "पाळकसाहेबाच्या घरचा कार्यक्रम हाय."

"त्यायच्या घरचा हाय? मंग नाही सोडत."

शनिवारी आवारात मांडव पडला. फ्लेक्सवर पाळकसाहेब. जन्मात ज्यानं फोटो काढू दिला नाही त्याचा कुठल्याशा लग्नातला कोपरा शोधून, कापून, मोठा केलेला. पाळकसाहेब चांगले काळे होते, आपल्या कपाशीच्या जमिनीसारखे. फ्लेक्सवर ते नवरदेवासारखे पावडर लावून हसत होते. तोच चेहरा स्वयंसेवकांच्या टी-शर्टवर, प्रत्येकाच्या ढेरीवर ताणलेला. निमंत्रितांना सोफे. पेशंटना खाली सतरंजी. बारा नवीन स्टीलची घमेली, त्यांत गुलाबपाकळ्या सोडलेलं पाणी. उघड्या जखमेवर गुलाबपाकळ्या! आणि स्टेजजवळ मखमली कापडावर पाळकसाहेबांचं ते घमेलं, हार घालून, पाणी भरून, वर झेंडूची फुलं तरंगत. पुढे पाटी: 'सेवेचे प्रतीक'. सत्यवती दारात उभी राहून हे पाहत होती. तिला प्रतिष्ठानची मोरपंखी साडी नेसवली होती आणि ती साडी तिला टोचत होती.

कार्यक्रम दहाचा. पाहुणे साडेबारापर्यंत मूर्तिजापूरलाच हार घेत होते.

वास आधी मांडवात पसरला. लोकांना वाटलं, नाली तुंबली असेल. मग माना एकेक करून गोदाबाईकडे वळल्या. ती पदर तोंडाला लावून, पाय साडीखाली ओढून बसली होती. पट्टी हिरवट काळी झालेली, कडेनं ओली, वर माश्या. टी-शर्टवाली एक मुलगी आली, तिनं नाक दाबलं आणि खोलीत मारायचा मोगऱ्याचा फवारा थेट त्या पायावर मारला. फुस्स, फुस्स, दोनदा. गोदाबाई चमकली आणि पाय आणखी आत घेतला.

"मावशी," पियुष सत्यवतीच्या कानाशी आला, "या आजींना मागे कुलरच्या आड बसवू या का? पाहुण्यांना सहन नाही व्हायचं. पहिल्या नंबरला ते खरचटलेले काका घेऊ. त्यांची जखम कशी, नीट आहे."

नीट जखम! पाच दिवस ज्याच्यासाठी हिचा पाय बांधून ठेवला, त्याच पाहुण्याला आता हिचा वास सोसणार नाही. म्हणून हिला झाका. सत्यवतीच्या घशापर्यंत आंबट पाणी आलं. ते पियुषवर थुंकावं असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी लख्ख दिसलं की फोन पियुषनं केलेला नव्हता. तिनं केला होता. सतरंजीवरच्या बाराही जणांना तिच्या तोंडून निरोप गेला होता. मोरपंखी साडीतल्या त्या मानसकन्येची तिला अशी किळस आली की एकतीस वर्षांत कुठल्या जखमेची आली नव्हती.

ती सरळ स्टेजकडे गेली. घमेल्यावरचा हार काढून टाकला, पाणी आणि झेंडू मखमलीवरच उपडे केले. "अहो मावशी!" मागून कोणी ओरडलं. चहावाल्याच्या पातेल्यात आधण उकळत होतं, ते तिनं घमेल्यात ओतलं, माठातलं पाणी घालून कोमट केलं, मीठ टाकलं. खोलीतून औषधं आणि चिमटा आणला. एका सोफ्यावरच्या माणसाला म्हणाली, "उठा जी." तो उठला. तिनं गोदाबाईला सोफ्यावर बसवलं आणि आपण साडी खोचून खाली मातीत बसली.

पट्टी सुटत नव्हती, मांसाला धरून बसली होती. भिजवून, हळूहळू सोडवली. शेवटचा पदर निघाला तेव्हा मांडवातल्या दोन बायका तोंड धरून पळाल्या. आत अळ्या होत्या. एक-दोन नव्हे, वळवळणारा पांढरा गोळा, आणि नऊ दिवसांपूर्वी जिथे तांबूस मांस होतं तिथे काळं, मऊ, घाण. घोट्याच्या वर लाल रेघ चढलेली. सत्यवतीनं टर्पेन्टाईनचे थेंब सोडले आणि चिमट्यानं एकेक अळी काढून घमेल्यात टाकू लागली. तोंड तिचं वाकडं झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात चालू होता.

"किती हाय वं?" गोदाबाईनं वरून विचारलं. ती खाली पाहत नव्हती.

सत्यवतीनं पुढची अळी चिमट्यात धरली.

नेमके तेव्हाच पाहुणे आले. तुतारी वाजली, फोटोवाले पळाले. रुमाल नाकाला लावून पाहुणे हातभर अंतरावर थांबले आणि म्हणाले, "वा! हीच खरी सेवा." मग रुमाल खिशात घातला, श्वास कोंडला, वाकून गोदाबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. दोन फोटो झाले. हात काढून घेतला.

"बसा जी," सत्यवती खालूनच म्हणाली.

"अं?"

"पाय धुवायले आले ना तुमी? बसा मंग खाली. मले एक हात कमी पडून राह्यला."

पाहुण्यांनी पियुषकडे पाहिलं. पियुष गोड हसला, "मावशी आमच्या फार भावुक आहेत," असं म्हणून त्यांना खरचटलेल्या काकांकडे घेऊन गेला. तिथे गुलाबपाकळ्यांचं पाणी तयारच होतं. पाठीमागे टाळ्या वाजल्या. थोड्या वेळानं माईकवरून मानसकन्येचं नाव तीनदा पुकारलं गेलं, पण तेव्हा सत्यवती ऑटोत गोदाबाईचा पाय मांडीवर घेऊन सरकारी दवाखान्याच्या रस्त्यावर होती.

सोमवारी गुडघ्याखालून पाय काढला.

पियुष भेटायला आला होता, सफरचंदं घेऊन. व्हरांड्यात म्हणाला, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. शुगरचा पाय, तो तसाही गेलाच असता." सत्यवतीनं त्याच्याकडे पाहिलं. हेच वाक्य ती दोन दिवस स्वतःशी म्हणून पाहत होती, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते केवढं घाणेरडं आहे ते तिला कळलं.

"सफरचंदं घेऊन जा," ती म्हणाली. "आन् गुरुवारी माया खोलीत पाय ठेवू नको."

तो आला नाही. पण स्लॅब आला, बरं का! शब्दाचे पक्के निघाले पाहुणे. श्रावणापर्यंत खोली पक्की झाली, गार झाली, दाराशी संगमरवरी पाटीवर त्यांचं नाव लागलं. सत्यवतीनं त्या स्लॅबखाली बसायला नकार दिला नाही. पेशंटना सावली हवीच होती. दर गुरुवारी आत शिरताना ती त्या पाटीकडे पाहायची आणि तिला मळमळायचं, एवढंच.

श्रावणातल्याच एका गुरुवारी पंजाबराव बहिणीला घेऊन आला. कुबड्या टेकत गोदाबाई आत आली, खोलीभर नजर फिरवली, "थंडं झालं वं हे," म्हणाली आणि खुर्चीवर बसली. पिशवीतून तिनं वर्तमानपत्राचं घडी घातलेलं कात्रण काढलं. फोटोत पाहुणे, त्यांचा तिच्या खांद्यावरचा हात, आणि खाली कोपऱ्यात घमेल्यातला पाय. सत्यवतीचा फक्त अंबाडा आला होता.

"पाह्य," गोदाबाई बोट ठेवून म्हणाली, "याच्यात माया पाय दिसते. मायाजवळ दुसरा फोटू नाही त्याचा."

सत्यवती पाटावर बसल्या बसल्या तिच्या तोंडाकडे पाहू लागली. तीन महिने जे बोलायचं राहिलं होतं ते तिनं बोलून टाकलं. "गोदाबाई, पट्टी सोडू नको म्हणून मीनं सांगतलं तुले. पियुषनं नाही. मीनं."

"हो. मले मालूम हाय." गोदाबाई कात्रणाची घडी घालत होती. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तुया आवाज होता म्हणून तं नाही सोडली. दुसऱ्या कोनाचा फोन असता तं मीनं त्याच दिवशी सोडली असती."

सत्यवती उठली. दारापर्यंत चालत गेली आणि मग पळाली. चिंचेमागे तिला उमळून उमळून ओकारी झाली, पोटात काही उरलं नाही तरी होत राहिली. बुंध्याला धरून ती उभी होती. मागे लिंबूपाणी घेऊन कोणी उभं नव्हतं. घरी जावं, भाजीचं दुकान बरं आपलं, हे हात आता कोणाच्या जखमेला लावायच्या लायकीचे नाहीत, असं तिच्या मनात आलं. ती खरंच फाटकाकडे निघाली होती.

तेवढ्यात खोलीतून गोदाबाईची हाक आली. "झालं काय वं? ये मंग आता. एक पाय हाय अजून, त्याले धुऊन दे. पानी थंडं होऊन राह्यलं."

सत्यवतीनं पदरानं तोंड पुसलं, आत गेली आणि पाटावर बसली.